खोडदच्या तबकड्या आणि आपण

जुन्नर तालुक्यात खोडदच्या शिवारात तारेच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या उभ्या आहेत. 'यांचा आपल्याला उपयोग काय?' हा प्रश्न पारावर हमखास निघतो. नारायणगावमार्गे पुणे-नाशिक रेल्वे नेण्याला या दुर्बिणीमुळे अडचण आली, तेव्हा हा राग समजण्यासारखा आहे. पण तिथे चालते काय, हे समजून न घेता मत बनवणे बरे नव्हे.

ही जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० तबकड्या; १४ खोडदजवळ, बाकीच्या १६ आसपासच्या गावांत तीन दिशांना पसरलेल्या. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या टिपतात.

यातले एक मोठे काम म्हणजे स्पंदक ताऱ्यांचा, म्हणजे पल्सारचा अभ्यास. एखादा प्रचंड तारा आयुष्याच्या शेवटी ढासळतो आणि मागे गाभा उरतो. रुंदी जेमतेम २० किलोमीटर, एका तालुक्यात मावेल एवढी. वजन मात्र सूर्यापेक्षा जास्त! हाच न्यूट्रॉन तारा. तो गरगर फिरतो. रात्री राखणीला बसलेला माणूस बॅटरी फिरवतो, तसा त्याचा झोत दर फेरीला आपल्यावरून जातो आणि एक ठोका नोंदला जातो. असा पहिला तारा १९६७ साली केंब्रिजजवळ जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला सापडला. तिची दुर्बीण म्हणजे साडेचार एकरांत खांब रोवून ताणलेल्या तारा!

एकेक ठोका फार क्षीण असतो. म्हणून शास्त्रज्ञ हजारो ठोक्यांची बेरीज करतात आणि ठोका वेळेवर आला की उशिरा, हे तपासतात. वाटेतल्या विरळ वायूमुळे कमी वारंवारतेच्या लहरी मागे पडतात. हा उशीर मोजण्यात खोडदची दुर्बीण तरबेज आहे. २०२३ साली विश्वातल्या संथ गुरुत्वीय लहरींचा पुरावा जाहीर झाला, त्यात इथल्या नोंदींचा वाटा होता.

एवढा बारीक आवाज ऐकायचा तर आजूबाजूला शांतता हवी. डीपीवरचा सैल जंपर, तारेवरची ठिणगी, मोबाइल टॉवर, कारखाना, सगळ्यांचा गोंगाट तिथे पोचतो. सैल जंपर तर आपल्याही मुळावर येतो. त्यानेच मोटर जळते, ऊस पेटतो. तेव्हा ठिणगी दिसली की वायरमनला लगेच कळवा. टॉवर वा कारखान्याला ना हरकत दाखला देण्याआधी ग्रामपंचायतीने दुर्बिणीच्या कार्यालयाला विचारावे.

मात्र शांतता राखण्याचा भार एकट्या या गावांनी का सोसावा? देशासाठी ती कान देतात, तर रस्ते, पाणी आणि शिक्षण यांत शासनाने त्यांना झुकते माप दिले पाहिजे. ही मागणी ग्रामसभांनी ठरावानिशी पुढे करावी. दुर्बीण आपली आहे, तसा हा हक्कही आपलाच आहे.