तंबाखूचा सुगंध आणि तंबाखूचा वास

युरोप-अमेरिकेतील अत्तरांच्या बाजारालाही ऋतू असतात. उन्हाळ्यात लिंबू-संत्र्याच्या जातीचे हलके सुगंध खपतात. सप्टेंबर उजाडला की पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या दुकानांतून तंबाखू, मध, सुके लाकूड आणि भिजून कुजू लागलेली पाने यांची आठवण करून देणाऱ्या कुप्या पुढे येतात. त्यांना ‘पानगळीचे सुगंध’ म्हणतात. अलीकडे मुंबई-पुण्याच्या सुस्थित घरांतील तरुण-तरुणीही ऑक्टोबरच्या उकाड्यात, घाम पुसत पुसत, ते अंगावर शिंपडू लागले आहेत. नामांकित परदेशी कंपनीच्या पन्नास मिलिलिटरच्या कुपीला आपल्याकडे वीस हजारांहून अधिक रुपये पडतात. रोज हजार विड्या वळणारी स्त्री महिनाभरात जे मिळवते, त्याच्याशी ही किंमत ताडून पाहावी, म्हणजे पक्षाच्या साप्ताहिकात अत्तरावर लेख कशासाठी, या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळेल. उरलेले निम्मे किमतीत नाही, वासात आहे.

परदेशी स्थायिक झालेल्या एका विद्यार्थ्याने भेट दिलेली अशी एक कुपी मी चार दिवस लावून पाहिली. सुगंध उत्तम होता हे आधीच सांगतो. त्याविषयी नाक मुरडण्याचे सोंग मला करावयाचे नाही. प्रथम मनुका आणि मधाचा गोडवा येतो, मग गूळ घालून मुरविलेल्या तंबाखूसारखा जड वास पसरतो, आणि दोन-तीन तासांनी अंगरख्यावर उरतो तो पावसाळी रानातल्या पाचोळ्यासारखा ओलसर दर्प. ज्याने तंबाखूची वखार पाहिली आहे, त्याला मात्र एक गोष्ट ताबडतोब जाणवते. वखारीच्या दाराशी जे घशात जाऊन बसते, डोळ्यांतून पाणी काढते, शिंका आणि खोकला आणते, त्याचा यात मागमूसही नाही. तंबाखू आहे, पण झोंबणे तेवढे वगळले आहे.

हे वगळणे अक्षरशः खरे आहे. सुकवून मुरविलेल्या पानांतून विद्रावकाच्या साहाय्याने अर्क काढतात, आणि अत्तरासाठी त्यातील निकोटीन बहुधा काढून टाकतात. पुष्कळदा तर अर्कही नाममात्र असतो. क्युमॅरीन नावाचे गवताच्या गंजीसारखा वास देणारे रसायन विल्यम पर्किनने १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार केले. त्याच्या भोवती मध, व्हॅनिला आणि लाकडाचे गंध रचले की नाकाला तंबाखूचा भास होतो. गळलेल्या पानाचा म्हणून तर कोणताच अर्क नसतो. तो पचौलीच्या पानांपासून, ओकच्या झाडावर वाढणाऱ्या दगडफुलापासून आणि काही कृत्रिम द्रव्यांपासून जुळवावा लागतो. पचौलीवरून आठवले: एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपला जात तेव्हा कसर लागू नये म्हणून घड्यांत पचौलीची पाने घालीत. पुढे तो वास हाच अस्सल शालीचा पुरावा ठरला. विणकराचे नाव कोणास ठाऊक नव्हते. पेटीतल्या पानाचा वास तेवढा ओळखीचा झाला.

तंबाखूचा वास प्रतिष्ठित कसा झाला, हा इतिहासही पाहण्याजोगा आहे. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, पॅरिसच्या कॅरॉन या पेढीने ‘ताबाक ब्लाँ’ हे अत्तर काढले. त्या काळी सिगारेट ओढणारी स्त्री म्हणजे बंधने झुगारणारी स्त्री, आणि हे अत्तर तिच्यासाठी होते. दोनच वर्षांनी मोलिनार या पेढीचे ‘हाबानिता’ आले. ते आरंभी सिगारेटलाच सुगंध देण्यासाठी विकले जाई. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टरच्या मिरवणुकीत एडवर्ड बर्नेज या प्रचारतज्ज्ञाने, अमेरिकन टोबॅको कंपनीच्या वतीने, तरुणींना भर रस्त्यात सिगारेटी ओढावयास लावल्या आणि त्या सिगारेटींना ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ असे नाव देवविले. स्त्रीमुक्तीच्या खऱ्या आकांक्षेवर धंद्याने कसा हात मारला, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

याच तंबाखूभोवती आपल्याकडेही स्त्रियांच्या मुक्तीचे एक प्रकरण घडले. निपाणीच्या वखारींत विडीची तंबाखू कुटण्याचे, चाळण्याचे आणि निवडण्याचे काम स्त्रिया करीत. बंद जागा, उडणारी धूळ, तुटपुंजी मजुरी आणि वर मुकादमाची नजर. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस त्या संघटित झाल्या, संपावर गेल्या. अनिल अवचटांनी त्यांच्याविषयी मराठीत लिहिले. १९८२ मध्ये ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने त्यांच्याच सहभागाने त्या लढ्यावर लघुपट केला. त्याच निपाणीत एप्रिल १९८१ मध्ये तंबाखूला भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली. पिकविणारा आणि कुटणारी यांचे परस्परसंबंध सरळ नव्हते, हे आपल्या चळवळीने तेव्हाही पुरेसे ओळखले नाही असे माझे मत आहे. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मला येथे वासाविषयी बोलावयाचे आहे. वखारीत राबणाऱ्या स्त्रीच्या लुगड्याला, केसांना, हाताच्या रेषांना तंबाखूचा वास लागतो आणि तो साबणाने जात नाही. बसमध्ये शेजारची बाई सरकून बसते. शाळेत मुलाच्या दप्तरालाही तो वास येतो. सोलापुरात आणि सिन्नरला ज्या घरांत सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्या जातात, त्या घरांत तंबाखू आणि स्वयंपाक एकाच खोलीत असतात. जॉर्ज ऑर्वेलने १९३७ च्या आपल्या पुस्तकात, कामगारांच्या अंगाला वास येतो ही मध्यमवर्गाच्या मुलांना लहानपणीच मिळालेली शिकवण वर्गभेदाच्या मुळाशी कशी आहे, हे धीटपणे लिहिले. विचाराने माणूस समतावादी होतो, नाकाने होत नाही, अशी ती अडचण. आपल्याकडे तर वासाला वर्गाबरोबर जातही आहे. चामड्याचा, मासळीचा, तंबाखूचा वास कोणाचा आणि चंदनाचा कोणाचा, याची वाटणी शतकानुशतकांची आहे. अशा समाजात तोच तंबाखूचा वास वीस हजार रुपयांना विकत घेतला की अभिरुचीचे लक्षण ठरतो. दोन्ही वासांतील फरक रसायनाचा थोडा आणि माणसाच्या स्थानाचा फार आहे. एकाला तो हवा तेव्हा लावता येतो आणि आंघोळीत उतरविता येतो. दुसरीला तो उतरविता येत नाही.

यावर काही तरुण कार्यकर्ते म्हणतील, मग अत्तरावर बहिष्कार घाला. हा मार्ग मला मान्य नाही. साधेपणाचे आपल्या चळवळीला असलेले आकर्षण मी जाणतो आणि त्याचा आदरही करतो. पण सुगंध ही श्रीमंतांची मिरास आहे असे मानणे म्हणजे गरिबांच्या घरातील मोगऱ्याच्या गजऱ्याचा, लग्नातील अत्तरदाणीचा, पहिल्या पावसाच्या मातीचा अपमान करणे होय. कनौजचे कारागीर त्या मातीचेही अत्तर काढतात. राबून आलेल्या माणसाला चांगल्या वासाची ओढ इतरांपेक्षा अधिक असते. आणि नेमके बोलावयाचे तर, सिन्नरच्या विडीतील तंबाखू पॅरिसच्या कुपीत जात नाही. त्यामुळे कुपी न घेतल्याने विडी वळणारीला एक पैसाही अधिक मिळणार नाही. सुगंधाच्या धंद्याचे स्वतःचे पाप आहेच. २०२४ मध्ये बीबीसीच्या पत्रकारांनी इजिप्तमधील चमेलीच्या मळ्यांत रात्री फुले वेचणारी लहान मुले दाखविली, आणि ती फुले नामांकित अत्तरांच्या पुरवठादारांकडे जात होती. परंतु त्याचे उत्तर मजुरी तपासणाऱ्या यंत्रणेत आहे. आपल्या कपाटातून कुपी बाहेर काढण्यात ते नाही.

आता पानगळीकडे वळतो. ‘ऑटम’ या शब्दासाठी आपले जाहिरातवाले ‘शरद’ लिहितात. शरद म्हणजे आपल्याकडे आश्विन-कार्तिक. तेव्हा पाने गळत नाहीत, भाताच्या ओंब्या भरत असतात. आपली पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या रानांत तेव्हा पायाखाली पाचोळ्याचा थर साचतो. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि कित्येकदा त्यातून वणवा लागतो. त्या धुराचा वास अजून कोणी बाटलीत भरलेला नाही. त्या प्रदेशात पानगळ ही उदास हुरहुरीची गोष्ट नाही. तेंदूची, म्हणजे आपल्या टेंभुर्णीची, झुडपे छाटून ठेवली की एप्रिलअखेर कोवळी पाने फुटतात आणि पंधरा-वीस दिवसांचा हंगाम सुरू होतो. पहाटे घर सोडावयाचे, पाने तोडून दुपारपर्यंत आणावयाची, घरातील म्हातारी-मुलांसह पुडे बांधावयाचे आणि संध्याकाळी संकलन केंद्रावर मोजून द्यावयाचे. अनेक आदिवासी कुटुंबांना वर्षातून एकदा मोठी रोकड हाती लागते ती या दिवसांत. वाघ-अस्वलाच्या हल्ल्यांच्या बातम्याही याच दिवसांतल्या.

या पानावर राज्याने कसा कर लावला ते पाहा. वस्तू व सेवा कराच्या रचनेत तेंदूच्या पानावर अठरा टक्के कर होता. अत्तरावरील कर आरंभी अठ्ठावीस टक्के होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो अठरावर आणला. म्हणजे जवळजवळ आठ वर्षे गडचिरोलीतील आदिवासीने तोडलेले पान आणि मुंबईच्या मॉलमधील अत्तराची कुपी शासनाच्या लेखी एकाच पायरीवर उभी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने तेंदूपानावरील कर पाच टक्क्यांवर, तर विडीवरील अठ्ठावीसचा अठरावर आणण्याचे ठरविले. पानाबाबतचा निर्णय योग्य आहे. ठेकेदाराने कराचे निमित्त करून पाडलेला भाव आता वर चढतो काय, हे पाहावयाचे. विडीवरचा कर कमी करण्याचे समर्थन मात्र मी करणार नाही. विडी फुप्फुस जाळते, ती ओढणारा बहुधा गरीबच असतो, आणि कामगारांचे हित सांगून कारखानदारांनी करसवलत मागावी हा खेळ जुना आहे. विडीच्या विक्रीतून मिळालेला पैसा विडी कामगारांकडे वळविणारी एक सोय होती: १९७६ च्या कायद्याने बसविलेला कल्याण उपकर. त्यातून दवाखाने चालत, मुलांना शिष्यवृत्त्या मिळत, घरांना साहाय्य होई. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर रद्द झाला. योजना कागदावर राहिल्या, पण त्यांचा हक्काचा झरा आटला आणि त्या वार्षिक अंदाजपत्रकाच्या मर्जीवर आल्या. आपल्या संसद-सदस्यांनी तेव्हा याविरुद्ध जितका आवाज उठवावयास हवा होता तितका उठविला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारातील सतराव्या कलमात तंबाखूचे शेतकरी आणि कामगार यांच्यासाठी पर्यायी उपजीविकेचा उल्लेख आहे. भारताने तो करार स्वीकारलेला आहे. पाकिटांवर चित्रे छापून झाली. पर्यायी कामाचे काय झाले, हे सोलापूरच्या कोणत्याही विडी कारखान्याच्या दाराशी उभे राहून विचारावे. त्याच सोलापुरात दहा हजार विडी कामगार स्त्रियांनी लढून आणि वर्गणी भरून स्वतःची वसाहत उभारली, २००६ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते तिच्या चाव्या घेतल्या, आणि तिला गोदावरी परुळेकरांचे नाव दिले. हे आपल्या पक्षाचे श्रेय नव्हे, साम्यवादी मित्रांचे आहे. तसे मोकळेपणाने म्हणण्यात कमीपणा नाही. घर झाले, पण त्या घरात अजून विडीच वळली जाते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९६६ चा स्वतंत्र विडी कामगार कायदा त्यातील काही कलमांत विरून गेला. घरी बसून वळणाऱ्या स्त्रीला कामगार म्हणून ओळख मिळवून देणारा तो कायदा होता. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी कापावयाची आणि विड्या मात्र ठेवून घ्यावयाच्या, या जुन्या लुबाडणुकीवर नव्या नियमांत काय तरतूद राहते, हे सिन्नर, सोलापूर, अहिल्यानगर, गोंदिया येथील आपल्या शाखांनी कलम-कलम वाचून पाहिले पाहिजे.

विदर्भातील कार्यकर्त्यांपुढील काम याहून तातडीचे आहे. १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी तेंदूपानावर ग्रामसभेचा हक्क मानला, आणि गेल्या दशकात गडचिरोलीतील अनेक ग्रामसभांनी स्वतः लिलाव करून चांगला भाव मिळवून दाखविला. परंतु काही ठिकाणी ठेकेदारांनी माल उचलला आणि पैसे थकविले. ग्रामसभेजवळ वकील नाही, हिशेबनीस नाही, वसुलीची यंत्रणा नाही. हंगाम एप्रिलअखेरचा असला तरी निविदा त्याआधी कित्येक आठवडे निघतात. करारनाम्यात अनामत रक्कम किती, माल उचलण्यापूर्वी किती हप्ते भरावयाचे, थकल्यास व्याज काय, हे ग्रामसभेबरोबर बसून लिहून घेण्याइतके अर्थशास्त्र आपल्या कोणत्याही पदवीधर कार्यकर्त्याला येते. त्यासाठी फेब्रुवारीत पंधरा दिवस गडचिरोलीत जाऊन राहावे लागेल.