गाडीने आपल्याशी जुळवून घ्यावे

मैत्रिणींनो, जुळवून घेणे हा आपला लहानपणापासूनचा अभ्यास. उंच ओट्याशी जुळवून घ्या, बसच्या वेळांशी घ्या, घरच्या माणसांशी तर घ्याच. वस्तू बिघडली तर आपण ती दुरुस्त करून आणतो. पण ‘ही मला पुरत नाही, मी ती बदलीन’ असे म्हणायची सवय आपल्याला कोणी लावत नाही. म्हणूनच गाडीतली एखादी सुधारणा घरी, स्वतःच्या हाताने करण्यातले समाधान मला छंदापेक्षा मोठे वाटते.

माझी गाडी जुनी, लहान. तिचे पुढचे दिवे इतके मंद की अंधारात गावाबाहेरच्या रस्त्याने येणे मी टाळू लागले. बैठक रंगात आली की मी घड्याळ बघून उठायची. गॅरेजमध्ये विचारले, तर उत्तर मिळाले, “मॅडम, रात्रीची गाडी साहेबांना चालवू द्या.” दिवा मंद, म्हणून बाईने घरी बसायचे! रात्रीचा रस्ता आमचाही आहे, असे आपण मोर्चात म्हणतो. तो हक्क कधी कधी एका बारीक वायरीत अडकलेला असतो.

जुन्या पद्धतीच्या जोडणीत दिव्यांचा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या बटणातून आणि लांबच लांब बारीक वायरींतून जातो. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टला ९ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतात. जोड गंजले की वाटेतच व्होल्ट गळतात आणि उजेड पिवळट पडतो. यावर उपाय म्हणजे रिले. बॅटरीपासून जाड वायर घ्यायची, सुरुवातीलाच फ्यूज घालायचा. मग बटण रिलेला नुसता इशारा देते, दिव्याला प्रवाह थेट बॅटरीकडून मिळतो. रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ३० वर बॅटरी, ८७ वर दिवा, उरलेले दोन इशाऱ्याचे. स्वेटरच्या विणीपेक्षा हे अवघड नाही.

दोन रविवार लागले. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, वायरींच्या टोकांना थिंबल दाबून बसवले, प्रत्येक जोड ओढून पाहिला. इंजिन चालू ठेवून मोजले, तर दिव्यापाशी पूर्वी ११ च्या आसपास असलेले व्होल्ट आता १३ च्या वर होते. तोच दिवा, तेवढ्याच वॅटचा, पण पांढराशुभ्र. समोरच्याचे डोळे दिपवणारे जास्त वॅटचे दिवे मी लावले नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करताही येत नाहीत. ब्रेक आणि एअरबॅग जाणकाराकडेच द्यावेत. आपली मर्यादा आपण ठरवणे वेगळे आणि ती दुसऱ्याने आखून देणे वेगळे.

यंत्र हे बाईचे काम नव्हे म्हणणाऱ्यांना १८८८ सालची गोष्ट सांगावी. त्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली. इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. चढासाठी आणखी एक गिअर हवा, हेही तिनेच सुचवले. म्हणजे मोटारीतल्या सुधारणांच्या इतिहासात अगदी सुरुवातीलाच एक बाई उभी आहे.

कोणी म्हणेल, हे गाडीवाल्या बायकांचे लाड. गाडी मोजक्याच जणींकडे असते, हे खरेच. पण उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात महिला समाख्या कार्यक्रमातून खेड्यातल्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या, त्यांच्याकडे कुठे गाडी होती? प्रश्न गाडीचा नाही, हातात पाना येण्याचा आहे. शिलाई मशीन असो, स्कूटर असो की पिठाची गिरणी, आतले कळले की कोणी आपल्याला उगाच घाबरवू शकत नाही, बिलातही नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. पुढच्या शिबिरात कायद्याच्या सत्राबरोबर अर्धा दिवस अवजारांसाठी ठेवा. पक्कड, पाने, मल्टिमीटर आणि एक जुना रिले, एवढे साहित्य पुरे. शिकवायला मी येईन. सत्र संध्याकाळी ठेवलेत तरी चालेल.