रिकाम्या आसनाची साक्ष

हैदराबादजवळच्या दुंडीगल येथील वायुसेना अकादमीत छात्राच्या आयुष्यात एक दिवस असा उगवतो, की प्रशिक्षक विमानातून खाली उतरतो, मागच्या आसनाचे पट्टे आवळून ठेवतो आणि दूर जाऊन उभा राहतो. उड्डाण, धावपट्टीभोवती एक फेरी आणि अवतरण, एवढाच तो प्रवास. अवघ्या काही मिनिटांचा. परंतु त्या मिनिटांत चूक सुधारणारा हात जवळ नसतो. परतल्यावर विमानाशेजारी उभे राहून टिपलेले छायाचित्र घरी येते आणि दिवाणखान्यात देवादिकांच्या तसबिरींशेजारी मानाने लागते.

या छायाचित्राकडे केवळ कौतुकाचा विषय म्हणून पाहू नये. सैनिकाचे दर्शन समाजाला बहुधा दोनच वेळा घडते. एक प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात, दुसरे तिरंग्यात लपेटलेल्या शवपेटीत. या दोहोंमधली सैनिक घडण्याची दीर्घ साधना नजरेआड राहते. दि. १९ फेब्रुवारी २०१८ रोजी अवनी चतुर्वेदी यांनी जामनगरहून मिग-२१ बायसन विमान एकटीने उडविले, तेव्हा त्यांचे छायाचित्र देशभर झळकले. ते पाहून किती मुलींनी आकाशाकडे मान वर केली असेल! त्यापूर्वी २ सप्टेंबर १९९४ रोजी हरिता कौर देओल यांनी अ‍ॅव्हरो विमान एकटीने चालवून वायुसेनेत इतिहास घडविला होता. १९९६ च्या डिसेंबरात विमान अपघातात त्यांचा अंत झाला. आज ते नाव किती घरांना ठाऊक आहे?

छायाचित्रात तरुणाचे हास्य दिसते. त्याच्या हाती देशाने कोणते विमान दिले, हे मात्र पाहणाऱ्याने विचारावे लागते. प्रगत जेट प्रशिक्षक विमानांची शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ मध्ये केली होती. हॉक विमानांचा करार झाला तो २००४ मध्ये, आणि ती सेवेत आली २००८ मध्ये. मधल्या काळात तरुण वैमानिक किरणसारख्या सौम्य विमानावरून मिग-२१ सारख्या तापट विमानाकडे झेपावत होते. त्या विमानांच्या अपघातांत अनेक तरुण गेले, आणि प्रशिक्षणातील ही पोकळी त्यामागचे एक कारण म्हणून वारंवार सांगितली गेली. पुढे २००९ मध्ये दोन प्रशिक्षकांचा बळी घेणाऱ्या अपघातानंतर एचपीटी-३२ विमाने जमिनीवर उतरवावी लागली. पर्यायी पिलाटस विमाने आली ती २०१३ मध्ये. शत्रूने न केलेली ही हानी आपल्याच दिरंगाईने केली. २०२३ मध्ये ७० स्वदेशी एचटीटी-४० विमानांचा करार झाला आणि २०२५ च्या ऑक्टोबरात नाशिक येथे त्यांची निर्मितीशाखा सुरू झाली, ही समाधानाची बाब आहे. मात्र वेळापत्रक पाळले जाते की नाही, यावर समाजाची नजर हवी.

आणखी एक पथ्य कुटुंबांनीच पाळायचे आहे. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यात छायाचित्राचाही समावेश आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अभिमानाच्या भरात भ्रमणध्वनीवरून पाठविलेल्या चित्रात मुलाच्या मागे उभे विमान, त्याचा क्रमांक आणि तळाची रचनाही जाते. ती कोणाच्या हाती पडेल, याची शाश्वती नाही. छात्राने अनुमतीने काढलेले चित्रच घरी धाडावे आणि घरच्यांनी ते भिंतीवर लावावे, चव्हाट्यावर नव्हे. अकादमीनेही अधिकृत छायाचित्रकाराकडून असे चित्र काढवून प्रत्येक छात्राच्या माता-पित्यांना सन्मानाने पाठवावे. त्यामुळे सुरक्षाही राखली जाईल आणि घराचा आनंदही हिरावला जाणार नाही.

त्या चित्रात छात्रामागचे आसन रिकामे असते. प्रशिक्षकाने विश्वासाने ते सोडलेले असते. ज्या राष्ट्राने त्या तरुणाला एकट्याने आकाशात धाडले, त्याने आपल्या कर्तव्याचे आसन मात्र कधीही रिकामे ठेवता कामा नये.