घरालाही मिळतो रोल!

दोस्तांनो, कर्जत लोकलनं बदलापूर सोडलं की उजव्या हाताच्या खिडकीशी सरका. चंदेरीचा सुळका आणि माथेरानची डोंगररांग तुमच्याबरोबर पळायला लागते. पायथ्याशी मधूनच एखादं कौलारू घर दिसतं. पुढं अंगण, मागं आंब्याची झाडं. "वा, अगदी सिनेमातल्यासारखं!" असं आपण पटकन म्हणतो. आता गंमत अशी, की त्यातलं एखादं घर खरोखरच सिनेमात नाहीतर मालिकेत चमकून गेलेलं असू शकतं! मुंबई जवळ आणि मागं आयता डोंगर, म्हणून या पट्ट्यातली शेतघरं शूटिंगसाठी भाड्यानं जातात.

पण घर नुसतं देखणं असून भागत नाही हं. शूटिंगच्या आधी काही माणसं येऊन घराची पाहणी करतात. तिला म्हणतात 'रेकी'. ऊन सकाळी कुठल्या खिडकीतून येतं? जनरेटरची गाडी वळेल एवढा रस्ता आहे का? पन्नास-साठ माणसं जेवायला कुठं बसतील? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आवाज किती? पूर्वी बहुतेक हिंदी सिनेमांचे संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा बोलून घ्यायचे, त्यामुळं शूटिंगच्या वेळी बाहेर कावळे ओरडले तरी चालायचं. 'लगान'नं (२००१) संवाद जागेवरच ध्वनिमुद्रित केले आणि पुढं ती पद्धत रुळली. म्हणजे घर रुळांना चिकटून असेल तर पंचाईतच! नायिका रडायला लागणार आणि नेमका लोकलचा भोंगा वाजणार. उल्हासनगर-अंबरनाथच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नकोच.

त्याच 'लगान'साठी कच्छमध्ये भुजजवळ अख्खं गाव उभारलं होतं. ते उभारणारे कला-दिग्दर्शक नितीन देसाई. त्यांनीच २००५ साली कर्जतला स्टुडिओ काढला. पण गाव नव्यानं उभारायला पैसा लागतो, वेळ लागतो. मग खरं, जुनं घर शोधणं सोपं पडतं.

आपल्याकडचं असं सगळ्यात गाजलेलं घर म्हणजे वाईजवळच्या मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा. कृष्णेचा घाट, देवळं, वाड्याचा भक्कम दरवाजा. आशुतोष गोवारीकर यांच्या 'स्वदेस'मधलं (२००४) चरणपूर पाहिलंत ना? कथेतलं गाव उत्तरेतलं, पण शूटिंग झालं मेणवलीत! प्रकाश झा यांच्या 'मृत्युदंड' (१९९७) आणि 'गंगाजल' (२००३) या सिनेमांची कथा बिहारची, शूटिंग मात्र वाईच्या परिसरातलं. पेशव्यांच्या कारभाऱ्याचा वाडा हिंदी पट्ट्यातली भूमिका करतो आणि कुणाला शंकाही येत नाही. नटाला तरी मिशी लावावी लागते!

आता घराच्या बाजूनं बघू. तुमच्या आजोळी कौलारू घर आहे आणि तिथं शूटिंग करायचं ठरलंय, असं समजा. मामा खूश, गावातली पोरं कुंपणावर. पण कॅमेरा सरकत न्यायचा तर ट्रॉलीचे रूळ टाकावे लागतात. ते शेणानं सारवलेल्या ओटीवर टाकले की सारवण उखडलंच. जड दिवे टांगायला दोर बांधायचे कशाला? तर शंभर वर्षांच्या तुळईला. भिंत आणखी जुनी दिसायला हवी म्हणून तिच्यावर काळपट रंग मारतात. म्हणजे जुनं घर जुनं दिसावं म्हणून रंगवायचं, काय म्हणावं याला! आजी रोज ज्या ओटीवर तांदूळ निवडते, तिथं चार दिवस तिलाच बसता येत नाही.

म्हणून शहाणे घरमालक आधी सगळं कागदावर लिहून घेतात. किती दिवस, किती वाजेपर्यंत, कुठल्या खोल्या द्यायच्या, देवघराला कुलूप राहणार की नाही, अनामत रक्कम किती. काही मोडलं तर दुरुस्त कोण करणार, हेही. शूटिंगच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे, प्रत्येक कोनाड्याचे फोटो काढून ठेवायचे. हे काम तुम्ही मुलं मामापेक्षा चांगलं कराल. खिळ्याची भोकंसुद्धा मोजून ठेवा. नंतर वाद झाला, तर 'हे भोक आधीचंच' असं कुणी म्हणायला नको.

नाही म्हणायचं का मग? मला तरी तसं वाटत नाही. कौलं दर पावसाळ्याआधी चाळावी लागतात, फुटलेली बदलावी लागतात, वाळवी लागलेला वासा काढावा लागतो. या सगळ्याला पैसा लागतो, आणि तो नसला की पुष्कळ घरं पाडली जातात. चार दिवसांच्या भाड्यातून छपराचा खर्च निघत असेल, तर आजीनं चार दिवस माजघरात तांदूळ निवडायला हरकत नाही. मात्र तिला आधी विचारायचं. सही मामाची असली तरी घर तिचंही आहे ना!

आणि हो, पुढच्या वेळी पडद्यावर डोंगरातलं घर दिसलं की त्याच्या खिडक्या मोजा. पात्रं आत गेली की पुन्हा मोजा. बाहेर दोन आणि आत तीन भरल्या, तर समजा, आतली खोली स्टुडिओतली आहे.