बिरहीची वाट आणि तरतुदीचा धडा

बद्रीनाथला जाणारी वाहने चमोलीच्या पुढील बिरही हे लहानसे गाव क्षणात मागे टाकतात. तेथे अलकनंदेस मिळणाऱ्या बिरही नदीच्या काठाने एक अरुंद वाट निजमुळा खोऱ्यात शिरते. खडी-मातीचे टप्पे, एका अंगास कडा, दुसऱ्या अंगास दरी! वाहन सावकाश हाकावे लागते. म्हणूनच उतारावरची पायऱ्यापायऱ्यांची शेते डोळे भरून पाहता येतात. वाटेच्या पुढच्या टोकाशी आहे गोहना. आज तेथे दिसते ते केवळ दगडगोट्यांनी भरलेले नदीपात्र.

सप्टेंबर १८९३ मध्ये येथे डोंगर कोसळून नदी अडली आणि सुमारे ९०० फूट उंचीच्या नैसर्गिक बांधामागे विस्तीर्ण सरोवर साचू लागले. बांध थोपविणे अशक्य होते. परंतु तो केव्हा ओसंडेल, हे गणिताने सांगता येत होते. अभियंता पुलफोर्ड यांनी पुढील वर्षीचा ऑगस्ट महिना वर्तविला. हरिद्वारपर्यंत तारयंत्राची सोय झाली, झुलते पूल उतरविण्यात आले, पुराची संभाव्य रेषा दाखविणाऱ्या खुणा डोंगरउतारावर उभारल्या गेल्या. २५ ऑगस्ट १८९४ च्या रात्री बांध फुटला. गढवालमधील श्रीनगर वाहून गेले. मात्र प्राण गेले ते केवळ पाच जणांचे. तेही हलविल्यानंतर पुन्हा धोक्याच्या जागी परतलेले. उरलेले सरोवर १९७० च्या महापुरात गाळाने भरून गेले.

याच चमोली जिल्ह्यात ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषिगंगेला अकस्मात लोंढा आला. तपोवनच्या बोगद्यात काम करणाऱ्यांपर्यंत इशारा पोहोचलाच नाही. दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. दोन्ही संकटे सारखी नव्हती, हे मान्य. १८९४ मध्ये हाताशी वर्ष होते, २०२१ मध्ये काही मिनिटे. पण उपग्रह आणि भ्रमणध्वनीच्या युगात त्या मिनिटांचाही उपयोग करता येऊ नये काय?

कर्ज बुडण्याची वाट न पाहता आधीच तरतूद करावी, हे बँकेत आम्ही प्रथम शिकतो. डोंगरात रस्ते रुंद करण्यास आपण निधी देतो. उतारांची पाहणी आणि इशारायंत्रणा यांसाठीची तरतूद मात्र मागाहून सुचते. माझ्या मते, रस्त्याच्या प्रत्येक अंदाजपत्रकात तिचे स्वतंत्र कलम असावे. बिरहीची वाट खडबडीत राहिली तरी चालेल. तिच्या काठच्या गावांना वेळेवर हाक मात्र ऐकू आली पाहिजे.