टोकन देण्याआधी

रायपूरच्या वेशीवर शेतात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडायचे आणि ‘आजच टोकन द्या, उद्या भाव वाढेल’ म्हणत ग्राहकाला घाई करायची, हा भुरट्या दलालांचा खाक्या आहे. जमिनीचे डायव्हर्शन, म्हणजे बिगरशेती वापराची परवानगी, नसते, लेआउट मंजूर नसतो. अडकते ती आयुष्यभराची पुंजी.

२०१६च्या रेरा कायद्याच्या कलम ९नुसार नोंदणीकृत प्रकल्पातील प्लॉट किंवा घरे विकणाऱ्या दलालालाही नोंदणी बंधनकारक आहे. ती नसल्यास दिवसाला १० हजार रुपये आणि एकूण मिळून मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. जुन्या घराच्या फेरविक्रीत मात्र दलालावर नोंदणीचे बंधन नाही. तिथे डोळ्यांत तेल घालूनच पाहावे लागते.

म्हणून नव्या प्रकल्पात दलालाचा नोंदणी क्रमांक मागा. ‘भुइयां’ या जमीन नोंदींच्या सरकारी पोर्टलवर खसरा आणि बी-१ हे उतारे स्वतः तपासा. पैसे रोखीने नव्हे, थेट मालकाच्या खात्यात भरा. छत्तीसगड रेरानेही तक्रारीची वाट न पाहता बिगरनोंदणी दलालांवर स्वतःहून बडगा उगारावा. घर घेणाऱ्याला संरक्षण देण्यासाठीच हा कायदा झाला आहे.