घरची शाळा आणि सरकारचा दाखला

धुळ्याच्या एका वाचक भगिनींनी आम्हांस सविस्तर पत्र लिहून सल्ला विचारला आहे. त्यांची मुलगी तिसरीनंतर शाळेत गेली नाही. आईनेच तिला घरी शिकविले. मुलीचे तेरावे वर्ष आता सरत आले आहे. यजमान नोकरीनिमित्त जळगावास असतात व शनिवार-रविवारी घरी येतात. घरात सासूबाई, मामंजी, धाकटे दीर-जाऊ व त्यांची दोन मुले असा परिवार आहे. ती दोन्ही मुले रीतसर शाळेत जातात. मुलगी हुशार आहे, वाचनाची तिला गोडी आहे. पण गेल्या दिवाळीपासून तिने एकच घोशा लावला आहे, ‘मला माझी अशी शाळा हवी.’ मामंजींचे म्हणणे असे की, दाखल्यावाचून पुढे सारी दारे बंद होतील. यजमानांनी सरकारी मुक्त विद्यालयाच्या ऑनलाईन शाळेचे नाव सुचविले आहे. आणि भगिनी स्वतः लिहितात : ‘पाच वर्षे मी जे केले ते वाया गेले असे सर्वांनी ठरविल्यासारखे वाटते.’

हे शेवटचे वाक्य आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटले. परंतु त्याकडे वळण्यापूर्वी व्यवहाराची बाजू पाहू.

२००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क त्याने दिला. घरी शिकविण्यास हा कायदा नावानिशी मान्यता देत नाही व नावानिशी मनाईही करीत नाही. मात्र त्याचे चौथे कलम अशा घरांनी अवश्य वाचावे. जे मूल शाळेत गेलेले नाही त्यास वयानुरूप वर्गात घेतले पाहिजे व मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी त्यास खास शिकवणी दिली पाहिजे, असे ते सांगते. म्हणजे चौदा वर्षे पुरी होण्याच्या आत गल्लीतल्या साध्या शाळेचे दारही या मुलीस उघडे आहे. ऑनलाईनची चर्चा करताना हा मार्ग पुष्कळ घरांच्या ध्यानातच येत नाही.

आता मुक्त विद्यालयाविषयी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था ही केंद्र सरकारची संस्था असून तिची स्थापना १९८९ मध्ये झाली. तिच्या दहावीस बसण्यास वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याहून लहान मुलांसाठी तिसरी, पाचवी व आठवीच्या तोडीच्या निराळ्या पायऱ्या आहेत. दहावीस पाच विषय पुरतात, त्यांत निदान एक भाषा हवी. मराठी माध्यमही मिळते. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे व ऑक्टोबर-नोव्हेंबर या सुमारास होतात. एकदा नाव नोंदविले की पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेस बसता येते, आणि उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. घरी लिहून पाठविण्याच्या स्वाध्यायांना वीस टक्के गुण असतात. याच संस्थेने २०२१ मध्ये आभासी शाळा सुरू केली. तीत शिक्षक ठरल्या वेळी पडद्यावर प्रत्यक्ष वर्ग घेतात व स्वाध्यायही त्याच वाटेने जातात. पुढच्या वर्षी दिल्ली सरकारने नववीपासूनची अशीच एक शाळा काढली व तिच्यात परप्रांतीय मुलांनाही प्रवेश देऊ केला होता. यांखेरीज आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच. तो खानदेशातील कोणत्या घरास ठाऊक नाही?

दाखल्याच्या किमतीविषयी मामंजींची शंका रास्त आहे, पण भीती वाजवीपेक्षा जास्त आहे. २०१८ मध्ये वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस मुक्त विद्यालयाचे विद्यार्थी अपात्र ठरविण्यात आले होते, हे खरे. त्याच वर्षी दिल्लीच्या उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला, हेही तितकेच खरे. उलट, दाखलाच नसला तर काय होते याचे उदाहरण मुंबईचे आहे. मालविका जोशी हिला आईने सातवीतून काढून घरी शिकविले. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळविली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतील एम. आय. टी. या विख्यात संस्थेने तिला प्रवेश दिला. आपल्या आय. आय. टी.ची वाट मात्र बारावीचे प्रमाणपत्र नसल्यामुळे तिला बंद राहिली. या गोष्टीचा उपयोग लोक दोन्ही बाजूंनी करतात. आमच्या मते तीन पदके हा काही सामान्य घराने धरून चालण्याचा हिशेब नव्हे.

खानदेशात दाखल्याची थोरवी सांगणे तसे अवघडच. लिहितावाचता न येणाऱ्या बहिणाबाई जळगावच्या, आणि विनोबांनी १९३२ मध्ये गीतेवर प्रवचने दिली ती धुळ्याच्या तुरुंगात. ती उतरवून घेतली अमळनेरच्या शाळेत मास्तरकी केलेल्या साने गुरुजींनी. पण विनोबांना आपले दाखले चुलीत घालणे परवडले, कारण त्यांना कोठे अर्जच करावयाचा नव्हता. गांधीजींचे उदाहरण अधिक बोलके आहे. मुलांना त्यांनी शाळेत न पाठविता आपल्या देखरेखीखाली शिकविले. आणि मुलांना त्याबद्दल आपल्याविरुद्ध तक्रार करण्यास जागा आहे, हे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणी लिहून ठेविले. वडिलांचे तत्त्व कितीही उंच असो, त्याची किंमत मुलास मोजावी लागते. तेव्हा मुलास विचारावयास नको काय?

या घरात मुलीने आपण होऊन सांगितले आहे. तेव्हा आधी तिला एवढेच विचारावे की, ‘शाळा हवी’ म्हणजे नेमके काय हवे? दीराची मुले संध्याकाळी मैत्रिणींच्या, स्नेहसंमेलनाच्या, मास्तरांच्या खोड्यांच्या गोष्टी सांगतात. त्या ऐकून तिला सोबत हवीशी झाली असेल, तर पडद्यावरची शाळा ती भूक फारशी भागविणार नाही. तेथे आवाज येतात, चेहरे दिसतात; पण डब्यातली भाकरी वाटून खाता येत नाही. अशा स्थितीत चौदा पुरी होण्यापूर्वी जवळच्या शाळेत नाव घालावे असे आम्ही निःशंकपणे सांगू. परंतु तिला आपले स्वतःचे पुस्तक, आईवाचून दुसरे शिक्षक, परीक्षा व निकाल हवा असेल, आणि दुपारचा मोकळा वेळ सोडवत नसेल, तर मुक्त विद्यालय तिला मानवेल. सोबतीसाठी मग वाचनालय, गायनाचा वर्ग, मैदान अशी वेगळी तजवीज करावी लागेल, आणि ती टाळता कामा नये.

विषय निवडताना एक मोह होतो. गणित जड जाते, व पाच विषयांत ते घेतलेच पाहिजे असे नाही. म्हणून ते गाळले जाते. पुढे अकरावीस विज्ञान घ्यावयाचे झाले की पश्चात्तापाची पाळी येते. तेराव्या वर्षी मुलीची आवड कायमची ठरली असे समजून चालू नये. गणित व विज्ञान ठेवावे. दुसरे असे की, २०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या महाराष्ट्रात ऑनलाईन होऊ लागले आहेत, आणि मुक्त विद्यालयाचा निकाल बहुधा राज्य मंडळाच्या मागाहून लागतो. पुन्हा साध्या महाविद्यालयात जावयाचे असल्यास हे जमेस धरून एक सत्र आधीच परीक्षा द्यावी. वर्ग पडद्यावर झाले तरी परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. आणि एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा कोठे जातो हे सांगावयास नको. त्या दृष्टीने ऑक्टोबरची परीक्षा खानदेशी मुलांस अधिक सोयीची.

आता त्या पाच वर्षांविषयी. घरी शिकून मग संस्थेत जाणे ही आपल्याकडे मुळीच नवी रीत नव्हे. आनंदीबाई जोशी घरी शिकल्या व १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यक विद्यालयात दाखल झाल्या. १८८६ मध्ये त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. घरचे शिकणे वाया गेले असे तेव्हा कोणी म्हटले नाही. जी मुलगी आपले मन इतक्या स्पष्टपणे बोलून दाखविते व बेत बदलण्याचा आग्रह धरते, तिला कोणीतरी विचार करावयास शिकविलेच आहे. हे यजमानांनी व मामंजींनी त्या माउलीस एकदा तोंडाने सांगावे. मनात असून भागत नाही.

शिवाय आईचे काम संपतही नाही. मुक्त विद्यालयात रोज हजेरी घेणारा मास्तर पाठीशी नसतो. स्वाध्यायाची तारीख टळली तर कोणी घरी निरोप धाडत नाही. हे वेळापत्रक मुलीने स्वतः सांभाळावयाचे व आईने आठवड्यातून एकदा पाहावयाचे, असे ठरवून घ्यावे. आईने रोज शेजारी बसून प्रत्येक वर्ग ऐकला, तर शाळा बदलली असे मुलीस वाटणारच नाही. दुपारी दोन तास खोलीचे दार लावून घेण्याची व त्या वेळी तिला कोणी दळण-निवडणास हाक न मारण्याची व्यवस्था मात्र एकत्र कुटुंबात सासूबाईंनीच केलेली बरी. त्यांचा शब्द सारे मानतात.

अर्ज भरण्यापूर्वी जन्मदाखला, आधार व तिसरीपर्यंतच्या शाळेचा दाखला एकत्र काढून तिन्हींवरील नाव, आईचे नाव व जन्मतारीख अक्षरशः ताडून पाहावी. जन्मदाखल्यात चूक असल्यास महानगरपालिकेतून ती आधी दुरुस्त करून घ्यावी; दहावीच्या प्रमाणपत्रावर जे उमटेल ते पुढे बदलणे फार जिकिरीचे होते.